मीटिंग नेमकी कुठे गेली?

परवा आमच्या टीममध्ये नवीनच आलेल्या एका मुलाने खुर्ची सरकवत हळूच विचारलं, "दादा, मीटिंग पुश बॅक केली म्हणजे आधी की नंतर?" आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना हे त्याने आधी बघून घेतलं होतं. मी म्हटलं, "नंतर." तो हुश्श करून जागेवर गेला. मी मात्र बराच वेळ स्क्रीनकडे नुसता बघत बसलो, कारण सात वर्षांपूर्वी असाच प्रश्न मला पडला होता आणि तेव्हा मी तो कोणालाच विचारला नव्हता.

झालं असं. माझा पहिला प्रोजेक्ट, क्लायंट लंडनचा. गुरुवारी डेमो होता. सोमवारी मेल आली, त्यात शेवटी एक ओळ होती की डेमो एका दिवसाने 'ब्रिंग फॉरवर्ड' करतोय. फॉरवर्ड म्हणजे पुढे, गुरुवारच्या पुढे शुक्रवार. सोपा हिशोब! एक दिवस जास्त मिळाला म्हणून मी खुशीत. कॅलेंडरवरचं निमंत्रण कोणी बदललंच नव्हतं, त्यामुळे शंका यायचंही कारण नव्हतं. बुधवारी दुपारी मी कँटीनमध्ये मिसळ खात असताना फोन वाजायला लागला. डेमो सुरू झाला होता आणि माझा भाग सर्व्हरवर चढलेलाच नव्हता. लीडने जुन्या बिल्डवर कसंबसं निभावून नेलं. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे एक वाक्य आलं: कम्युनिकेशनवर काम करायला हवं.

दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे ते वाक्य सोळा आणे खरं मानलं. आपलं इंग्लिश कच्चं, दुसरं काय! पुढची दोन वर्षं मी कॉलवर गरजेपेक्षा जास्त एक शब्द बोललो नाही.

आता मात्र माझं मत वेगळं आहे. चूक माझी होती, पण ती कच्च्या इंग्लिशची नव्हती.

जरा विचार करा. काळाबद्दल बोलताना आपण मराठीत एक रस्ता डोळ्यांसमोर आणतो. आपण चालतोय, येणारे दिवस पुढे, गेलेले मागे. पुढचा महिना, मागचा महिना. म्हणून 'परीक्षा पुढे ढकलली' म्हणजे ती आपल्यापासून आणखी लांब गेली, उशिरा होणार. इंग्लिशमध्येही हा रस्ता आहेच. पण 'ब्रिंग फॉरवर्ड' आणि 'पुश बॅक' समजून घ्यायचे तर रस्ता विसरा आणि रेशनची रांग आठवा. रांगेत जो पुढे, त्याचा नंबर आधी. मीटिंगला रांगेत पुढे आणलं की ती लवकर होणार, मागे ढकललं की उशिरा. झालं! 'मूव्ह अप'चंही तेच. यादीत वरचं काम आधी होतं, म्हणून मीटिंग वर सरकली की लवकर.

म्हणजे मराठी माणूस पुढे ढकलतो आणि इंग्रज मागे ढकलतो, पण मीटिंग दोघांचीही उशिराच होते. आहे की नाही गंमत :)

बरं, गोंधळ फक्त आपलाच होतो असंही नाही. २००२ साली लेरा बोरोदित्स्की आणि मायकेल रॅमस्कार या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी इंग्लिश बोलणार्‍या लोकांना एक साधा प्रश्न विचारला होता. पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवसांनी 'मूव्ह फॉरवर्ड' केली, तर आता ती कोणत्या वारी? एरवी या प्रश्नाला जवळपास निम्मे लोक सोमवार म्हणतात आणि निम्मे शुक्रवार. विमानतळावर विचारलं तेव्हा तर नुकतेच विमानातून उतरलेले लोक, कोणाला तरी घ्यायला आलेल्यांपेक्षा जास्त प्रमाणात शुक्रवार म्हणाले. प्रवास करून आलेल्याच्या डोक्यात आपणच पुढे जातोय हे चित्र ताजं असतं, म्हणून त्याची मीटिंगही पुढे जाते. 'ब्रिंग'च्या जागी 'मूव्ह' आला की खुद्द इंग्लिशवाल्यांचं असं होतं. मग माझ्या बापड्या गुरुवारचं काय घेऊन बसलात!

दुसरा घोळ या क्रियापदांच्या शेपटीचा. 'पुश बॅक' नंतर 'टू' आलं तर पुढे नवी वेळ येते, 'बाय' आलं तर किती फरक पडला ते. चार वाजेपर्यंत ढकलली की चार तासांनी ढकलली, हे त्या एवढ्याशा शब्दावर ठरतं. आणि खराब लाइनवर नेमका तोच शब्द ऐकू येत नाही.

याच 'बाय'चं दुसरं रूप आपल्याला जास्त छळतं. मराठीत 'शुक्रवारपर्यंत काम संपव' आणि 'शुक्रवारपर्यंत थांब', दोन्हीकडे 'पर्यंत' चालतं. इंग्लिशमध्ये इथे दोन वेगळे शब्द लागतात. काम एका क्षणी संपणार असेल तर 'बाय': 'रॅप अप' करा बाय फ्रायडे. एखादी स्थिती तोवर चालू राहणार असेल तर 'टिल': 'होल्ड ऑफ' करा टिल फ्रायडे. आपल्यापैकी कितीतरी जण 'टिल फ्रायडे संपवतो' असं लिहून मोकळे होतात आणि समोरचा बुचकळ्यात पडतो, की हा शुक्रवारपर्यंत देणार आहे की शुक्रवारपर्यंत करतच बसणार आहे?

भरीस भर म्हणजे घड्याळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळं एक तास मागे जातात. तिथल्या सकाळी दहाची मीटिंग आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी अडीचला असते, ती साडेतीनला होते. म्हणजे घड्याळ मागे गेलं आणि मीटिंग पुढे गेली. या वाक्यातलं पुढे-मागे आता तुमचं तुम्हीच सोडवा.

म्हणूनच मला 'प्रीपोन' हा शब्द मनापासून आवडतो. इंग्लिशचे जाणकार त्याला हसतात, हा शब्दच नाही म्हणतात. खरं तर १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या एका पत्रातही तो सापडतो आणि आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात भारतीय इंग्लिशमधला शब्द म्हणून आहे. पोस्टपोनच्या उलटा, एकच अर्थ, ना रांग ना रस्ता. इंजिनिअरला आणखी काय हवं? अर्थात परदेशातल्या क्लायंटला तो ठाऊक नसेल, तिथे सरळ 'अर्लियर' म्हणावं. मराठीत तर आपल्याकडे 'अलीकडे घेणे' हा काय सुंदर प्रयोग आहे! 'लग्नाची तारीख अलीकडे घेतली' म्हटल्यावर कोणी चुकीच्या दिवशी आहेर घेऊन येत नाही.

आपली भाषाही अगदी धुतल्या तांदळासारखी नाही म्हणा. 'परवा' म्हणजे दोन दिवसांपूर्वी की दोन दिवसांनी? पण तिथे क्रियापद मदतीला येतं. परवा आलो, परवा येईन. 'मूव्ह फॉरवर्ड'च्या मदतीला कोण येणार? वार आणि तारीख, एवढंच.

असो. तर सांगायचा मुद्दा असा की हा सगळा प्रश्न पाच सेकंदांत सुटतो. मीटिंग हलवताना कोणतंही क्रियापद वापरा, पण त्याच ओळीत नवा वार, तारीख आणि वेळ लिहा, आणि वेळ कुठल्या गावची तेही. कॅलेंडरवरचं निमंत्रण लगेच बदला. आणि समोरच्याने लिहिलं नसेल तर उलट एक ओळ टाका: म्हणजे बुधवारी, बरोबर ना? यात लाज कसली? कोडमध्ये संदिग्धता दिसली तर आपण रिव्ह्यूमध्ये निर्लज्जपणे विचारतोच की.

आणि जे आता लीड, मॅनेजर झालेत त्यांना एक विनंती. कोणी चुकीच्या दिवशी उगवला तर त्याच्या अप्रेझलमध्ये 'कम्युनिकेशन' लिहिण्याआधी ती मूळ मेल एकदा उघडून बघा. त्यात वार लिहिला होता का? नसेल, तर ते वाक्य मेल लिहिणार्‍याच्या नावापुढे जायला हवं. मी माझ्या त्या एका ओळीपायी दोन वर्षं गप्प बसलो.

जाता जाता: त्या नव्या मुलाला मी नंतर रांगेची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग आजची मीटिंग पुश बॅक टू फाइव्ह म्हणजे पाचला ना?" मी मेल उघडून बघितली. त्यात 'बाय फाइव्ह' लिहिलं होतं. म्हणजे पाच मिनिटं, पाच तास की पाच वाजता?

मग आम्ही दोघांनी मिळून विचारलं.