निरोप मालकाच्या मर्जीचा

१२ जुलै २०१५. माद्रिदच्या बर्नाबेऊ स्टेडियमवर इकेर कासियास पत्रकारांसमोर एकटाच बसला होता. नवव्या वर्षी रेआल माद्रिदच्या अकादमीत आलेला हा गोलरक्षक २५ वर्षांनी क्लब सोडत होता. मुख्य संघाकडून ७२५ सामने, तीन चॅम्पियन्स लीग. आणि शेजारी क्लबचा एकही पदाधिकारी नाही! हातातला कागद वाचताना तो रडला. टीकेची झोड उठली, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी त्याला सोबत घेऊन निरोप समारंभ उरकला.

कोट्यधीशाच्या अश्रूंचे आपल्याला काय, असे कार्यकर्ते मित्र विचारतील. तो गरीब नाही, हे आम्हालाही कळते. पण शेवटच्या मोसमांत घरच्याच मैदानावर त्याला शिट्ट्या मारून हिणवले गेले. भक्ती डोक्यावर घेते, हक्क देत नाही.

सन्मानाने निरोप देणे आजही मालकाच्या मर्जीवर आहे. एकेकाळी क्लब सोडून जाणेसुद्धा त्याच मर्जीवर होते. १९९० मध्ये बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमनचा लिएजच्या क्लबशी असलेला करार संपला, तरी हस्तांतराच्या पैशांवरून त्याला फ्रान्सच्या डंकर्क क्लबकडे जाता आले नाही. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातील क्लबकडे जाताना जुन्या क्लबने त्याची किंमत मागायची नाही. आज मोठमोठे तारे याच निकालाच्या बळावर क्लबांशी घासाघीस करतात. कासियासची जर्सी घालणाऱ्या आमच्या किती पोरांना बोसमन ठाऊक आहे? खटला लढता लढता त्याची स्वतःची कारकीर्द मात्र संपली.