दाणदाण म्हणजे बेस नव्हे!

मंडळी, या वीकएंडला कोड बाजूला ठेवलाय, भांडण समोर घेतलंय. सेवाग्रामला घरी आलोय. बाबांच्या जुन्या स्टिरिओ ॲम्पला सबवूफर जोडायचाय. एवढंसं काम, पण सल्ले देणारे इतके की लग्नघर परवडलं!

पहिला सल्ला दुकानदाराचा. "या ॲम्पला सब-आउट नाही साहेब, रिसीव्हर घ्यावा लागेल." साफ थाप. बऱ्याच ॲक्टिव्ह सबवूफरना मागे हाय-लेव्हल इनपुट असतं. ॲम्पच्या ज्या टर्मिनलवरून स्पीकरला वायर जाते, तिथूनच आणखी एक वायर सबला न्यायची. सबच्या त्या इनपुटचा रोध हजारो ओह्‌ममध्ये असतो, ॲम्पला त्याचा पत्ताही लागत नाही. एक पथ्य मात्र आहे. काही क्लास-डी ॲम्पमध्ये काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतं, तेव्हा डावं-उजवं काळं एकत्र बांधायच्या आधी मॅन्युअल वाचा. पण चांगला चालणारा ॲम्प भंगारात काढून पाच स्पीकरचा डबा विकायचा, हा धंदा झाला, सल्ला नाही.

दुसरा चुलतभाऊ. "दादा, पॅसिव्ह वूफर आणू, स्पीकरच्या वायरलाच बांधून टाकू, मस्त वाजते!" वाजते रे बाबा, काही दिवस. ८ ओह्‌मच्या स्पीकरला ८ ओह्‌मचा वूफर समांतर जोडला की ॲम्पला दिसतात ४. सहाला चार जोडले तर अडीचसुद्धा नाही. मग ॲम्प तापतो, प्रोटेक्शनमध्ये जातो, नाहीतर जळतो. आणि खापर फुटतं ॲम्पच्या कंपनीवर.

तिसरी जमात सोवळ्यातली. यांच्या मते स्टिरिओत सबवूफर म्हणजे भेसळ. यांना एक गणित. गायकाचा सा काळी एक असेल तर तो सुमारे १३९ हर्ट्झचा. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. पाच इंची वूफरचे बरेचसे छोटे स्पीकर तिथेच कुठेतरी धापा टाकू लागतात. डग्ग्याचा घुमारही त्याच परिसरातला. जे रेकॉर्डिंगमध्ये आहे ते ऐकणं ही भेसळ कशी? फक्त क्रॉसओव्हर ६०-७० वर ठेवा, आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा, आणि सब वाजतोय हे कळायला लागलं की जरा मागे या. फेजचं बटण दोन्हीकडे फिरवून जिथे खर्ज भरदार वाटतो तिथे ठेवा. झालं.

(मधला टोमणा शेजारच्या काकांचा, "बापूंच्या गावात वूफर?" काका, बापूंच्या आश्रमात टेलिफोन होता, तो आजही बघायला मिळतो. १२ नोव्हेंबर १९४७ ला ते दिल्लीत आकाशवाणीच्या स्टुडिओत जाऊन कुरुक्षेत्रच्या निर्वासितांशी बोलले. शिंगरच्या शिलाई मशीनचं तर त्यांनी कौतुक केलेलं आहे. यंत्र कोणासाठी आणि कोणाच्या बोकांडी, हा त्यांचा प्रश्न होता. तोच मी पुढे विचारणार आहे.)

आता माझं खरं भांडण. ते माझ्याच जातभाईंशी, पुण्या-बंगळुरातल्या फ्लॅटवाल्या आयटीकरांशी. दहा बाय बाराच्या सिमेंटच्या खोलीत सब कोपऱ्यात ठेवतात, नॉब पूर्ण उजवीकडे. अशा खोलीत साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झला लाट दोन भिंतींमध्ये अडकते आणि फुगते. ऐकू येते ती खोली, संगीत नाही. अहो, सब सोफ्यावर ठेवा, गाणं लावा, खोलीभर वाकून फिरा आणि जिथे बेस स्वच्छ ऐकू येईल तिथे सब ठेवा. फुकट आहे. पण गुडघे टेकायला कमीपणा वाटतो.

आणि शेजाऱ्याने बेल वाजवली की मोबाईलवरचं ॲप दाखवतात. "बघा, ४५ डेसिबल!" २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा खरंच ४५ आहे. पण ती मोजतात ए-वेटिंगने, आणि त्यात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे तुमचं ॲप ४५ म्हणतंय तेव्हा शेजाऱ्याच्या भिंतीत ७५ ची धडधड असू शकते. त्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर, तिला तुमची सहा इंची भिंत काय अडवणार? इंजिनिअर माणसाने हे माहीत असून ॲप पुढे करणं याला मी लबाडी म्हणतो.

इथे सेवाग्रामच्या घरात उलटा प्रकार आहे. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू. खोलीत बेस फुगत नाही, फार गोड ऐकू येतो, कारण बराचसा छपरातून बाहेर जातो. जातो कुठे? तर गल्लीत. वर्ध्याच्या उन्हाळ्यात अर्धी गल्ली अंगणात बाजा टाकून झोपते. समोरच्या घरात कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करणारी एक ताई राहते, तिची झोप दिवसा. तिची वेळ कुठल्याच नियमात बसत नाही, म्हणून तिलाच जाऊन विचारलं. ती म्हणाली, दुपारी चारनंतर लावा.

तेव्हा सबला बोर्डावर वेगळा स्विच दिलाय. चारला चालू, दहाला बंद. बाबा दुपारी नुसत्या स्पीकरवर ऐकतात.