डॉल्बीला होकार, पोरांना नकार

आमच्या भागातील एका धर्मग्रामात चार तरुणांनी गेल्या पावसाळ्यात पॅरिश हॉल एका संध्याकाळपुरता मागितला. दोन गिटार, एक बेस, एक ड्रमसेट आणि स्वतः रचलेली मराठी गाणी; वेळ सात ते नऊ. पालक मंडळाने नकार दिला. हे संगीत गोंगाटाचे आहे, ते पाश्चात्त्य आहे आणि त्याला सैतानी वास येतो, अशी कारणे सांगण्यात आली. त्याच महिन्यात त्याच हॉलमध्ये एका स्वागत समारंभासाठी डॉल्बी लागला. काचा थरथरल्या, शेजारच्या म्हाताऱ्यांनी कानांवर उशा घेतल्या, आणि सिनेमातील जी गाणी वाजली ती येथे छापण्याजोगी नाहीत. त्या रात्री कोणालाही सैतानाची आठवण झाली नाही. भाडे आगाऊ जमा झाले होते.

मुलांनी शेवटी तासगावच्या वाटेवरील एका बेदाणा शेडमध्ये कार्यक्रम केला. हंगाम सरलेला, जाळ्यांचे कप्पे रिकामे, जमिनीला द्राक्षांचा आंबूस-गोड वास. श्रोते चाळीसेक असतील. त्यांत केस पिकलेला मी एकटाच, आणि खिशात कापसाचे बोळे घेऊन गेलेलाही मी एकटाच.

या प्रकाराला गॅरेज पंक म्हणतात. साठच्या दशकात अमेरिकेतील शाळकरी पोरे घरच्या मोटारीच्या गॅरेजमध्ये बसून वाजवीत, त्यावरून पहिला शब्द आला. १९७६च्या सुमारास न्यूयॉर्क-लंडनमधील वैतागलेल्या तरुणांनी या वाजवण्याला जी धार दिली, तिने दुसरा शब्द रूढ केला. दोन-अडीच मिनिटांचे गाणे, तीन-चार कॉर्ड, उसना आणलेला अॅम्प्लिफायर. आणि आधी कला शिका, मग मंचावर या, ही अट साफ अमान्य. त्या रात्री पहिल्याच गाण्यात एक तार तुटली. दुसऱ्यात ड्रमवाला इतरांच्या पुढे धावत सुटला. संगीत म्हणून ते कच्चे होते, हे मी येथेच मान्य करून टाकतो.

चौथे गाणे २०१९च्या ऑगस्टमधील कृष्णेच्या महापुराचे होते. सांगलीकराला त्याविषयी सांगावे लागत नाही. भिंतीवर चढत गेलेली पाण्याची रेघ येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीपर्यंत पोचली, तेव्हा तू कोठे होतास, असा सरळ प्रश्न त्या गाण्यात देवाला विचारलेला होता. मुलगा गात नव्हता, ओरडत होता. तोच प्रश्न त्याने सात-आठ वेळा विचारला आणि चौघेही एकदम थांबले. ड्रम वाजवणाऱ्या मुलाची आई त्याला घरी न्यायला म्हणून आली होती. ती दाराशीच उभी राहिली. मी कानांतले बोळे केव्हा काढले ते मला आठवत नाही.

देवाला जाब विचारणे सैतानी असेल, तर स्तोत्रसंहितेची बरीच पाने आपल्याला फाडावी लागतील. १३वे स्तोत्र तक्रारीनेच सुरू होते, आणि ८८वे तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपते. त्याला आशेची शेवटची ओळ जोडण्याची गरज स्तोत्रकर्त्याला वाटली नाही. महापुरानंतर आपण मदत वाटली, आभाराच्या मिस्सा केल्या. ते योग्यच झाले. पण आक्रोश कोणी केला? त्यासाठी धर्मग्रामात जागा होती का?

आता गोंगाटाचा मुद्दा. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी उपासना-संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात ढोल-झांजांबरोबर पियानोलाही चर्चमध्ये मनाई होती. पियानोला! आज ज्या वाद्यावर आपल्या मुली परीक्षा देतात आणि आपण कौतुकाने पहिल्या रांगेत बसतो, ते वाद्य तेव्हा देवघराच्या योग्यतेचे नव्हते. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेचा जाहीरनामा संमत केला आणि ऑर्गनचा मान राखून इतर योग्य वाद्यांना व स्थानिक संगीतपरंपरांना दार उघडले. झांजा तर १५०व्या स्तोत्रात पूर्वीपासून दणदणत होत्याच. आणि हे सारे वेदीसमोरच्या संगीतापुरते आहे. मिस्सेत पंक वाजवा असे कोणी म्हटलेले नाही. मी तर मुळीच म्हणणार नाही. प्रश्न हॉलचा आहे.

ज्यांना हे संगीत परके वाटते त्यांनी साताऱ्याहून एकदा पाचगणीला जावे. तेथील सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात १९५८च्या सुमारास पाच विद्यार्थ्यांनी 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या समारंभांत वाजवीत. त्यांचा बेस म्हणजे चहाच्या रिकाम्या खोक्याला लावलेली काठी आणि दोरी. पियानोवर झांजिबारहून आलेला बाराएक वर्षांचा पारशी मुलगा बसे, फरोख बलसारा. जगाने पुढे त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. गॅरेज हा शब्द संगीताला चिकटण्यापूर्वीच आपल्या सातारा जिल्ह्यात गॅरेजचे संगीत वाजत होते! १९९१ साली तो एड्सने गेला, हे मला कोणी ना कोणी बोट रोखून सांगतेच. एखाद्याच्या आजारपणाचा आणि मृत्यूचा दाखला देऊन त्याच्या शाळकरी वयातील पियानोला दोष देणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, एवढेच मी म्हणतो.

खोक्याच्या बेसला हसणाऱ्यांनी मिरजेत डोकावावे. तेथे शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी भोपळ्यांना तारा चढवल्या, आणि त्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या पेटीवर आपण मराठी गायने बसवतो ती हार्मोनियम पॅरिसची लेक आहे. साताऱ्यात १९१७ साली 'देवाचा दरबार' स्थापणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक कीर्तनात रमले, ते टाळ-मृदंगाला अख्रिस्ती म्हणणाऱ्यांची परवानगी घेऊन नव्हे. आपले काय आणि परके काय, हे ठरवण्याची आपली घाई नेहमीच फसत आली आहे.

पंकमध्ये घाण नाही असा माझा दावा नाही. शिवीगाळ आहे, अमली पदार्थ आहेत. लंडनचा सिड व्हिशस १९७९ साली हेरॉइनपायी गेला तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. पण याच कारणासाठी ही मुले गावाबाहेरच्या शेडमध्ये असावीत, की जेथे फादर दाराशी खुर्ची टाकून बसू शकतात त्या हॉलमध्ये? देशभरातील अशा हौशी वाद्यवृंदांना १९७० आणि १९७१ साली स्पर्धा भरवून व्यासपीठ दिले, त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, त्या कोणी? सिमला नावाच्या सिगारेटची जाहिरात करणाऱ्या कंपनीने. 'सिमला बीट' या नावानेच त्या आजही ओळखल्या जातात. आपण कुलूप लावले म्हणून पोरे गायची थांबत नाहीत. किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते.

युवक मिस्सेला येत नाहीत, ही हळहळ आपल्या प्रत्येक बैठकीत ऐकू येते. बैठक संपल्यावर त्याच टेबलावर हॉलचे नोंदणीपुस्तक उघडते आणि तारखा भाड्याने जातात. गायनवृंदातही आता ताल यंत्रातून येतो; बटण दाबले की ढोलक, पुन्हा दाबले की शांतता. चुकण्याची सोयच उरली नाही, आणि मग चुकत चुकत शिकणारी चार मुले आपल्याला उपद्रवी वाटू लागतात.

मुलांनी अर्ज पुन्हा दिला आहे. मंडळाची बैठक सणानंतर आहे. या वेळी अर्जाखाली चौघांबरोबर ड्रम वाजवणाऱ्या मुलाच्या आईचीही सही आहे, आणि भाडे नियमाप्रमाणे आगाऊ भरण्याची तयारी स्वच्छ अक्षरांत लिहिलेली आहे.