मिरचीची झाली ‘मरिची’!

दोस्तांनो, ‘मला थोडंफार फोटोशॉप येतं’ असं नातेवाइकांत चुकूनही बोलू नका. मी बोललो आणि फसलो! धुळ्याच्या मावशीने घरचा काळा मसाला विकायला काढला. जळगावहून पहिली मोठी ऑर्डर आली आणि लेबलचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी रात्री जागून सॉलिड लेबल बनवलं, फाइल पाठवली, पाचशे लेबलं छापून आली. त्यावर ‘मिरची’ची झाली होती ‘मरिची’ आणि ‘खान्देशी’ची ‘खान्‌देशी’! मावशी फोनवर एवढंच म्हणाली, “भाऊ, हे तुमच्या पुण्याकडचं मराठी आहे का?” लेबलं रद्दीत, पैसे तिचे. जाम लाजलो, बॉस.

घोळ असा की, ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर टाइप होते पण दिसते आधी. जोडाक्षरंही जुळवावी लागतात. हे काम सॉफ्टवेअरचं. जुन्या फोटोशॉपमध्ये त्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावं लागायचं, ते माझ्या गावीही नव्हतं.

तेव्हापासून माझा फंडा क्लिअर आहे. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, फिल्टर-बिल्टर नंतर, आधी त्यात ‘खान्देशी मिरची’ टाइप करून बघा. आपल्यासारख्या हौशी लोकांना कॅनव्हा पुरतं. २०१३मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं हे प्रकरण मोबाइलवरही चालतं आणि फुकटात बरंच काही देतं. फक्त नेट हवं. नेटशिवाय काम करायचं तर गिम्प आहे. तेही फुकट, पण मेनू म्हणजे भूलभुलैया! नुसता फोटो कापायला इरफानव्ह्यू झकास. मात्र ते फुकट आहे घरगुती वापरापुरतंच, धंद्यासाठी लायसन्स घ्यावं लागतं. (पिकासाची आठवण येते ना? गूगलने ते २०१६मध्ये बंद केलं.) फॉन्टसाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू घ्या, दोन्ही मोफत.

आणखी एक. तीन बाय दोन इंचाचं लेबल नीट छापायला ९०० बाय ६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलंत की त्याचा चोथा होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरं लेबल अर्ध्या तासात झालं. या वेळी छापण्याआधी मावशीला दाखवलं. तिने चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं.

“मिरची बरोबर आहे. आणि वजन कोण लिहिणार रे?”