परवाना कुणाच्या मुठीत?

तंजावरच्या शहाजीराजांनी १६९३ मध्ये कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. रामभद्र दीक्षित आणि श्रीधर व्यंकटेश अय्यावाळ ही त्यांतली गाजलेली नावे. दरबाराला विद्या हवी होती आणि तिचा मोबदला जमिनीच्या हक्काने दिला गेला. हा मान अर्थात पंडितांचा. त्या जमिनीत राबणाऱ्यांच्या वाट्याला तो आला नाही. राबणाऱ्याच्या हाती हक्क आजही नाही: त्याच कावेरीखोऱ्यातली माणसे सिंगापुरात बांधकामावर जातात, तेव्हा वर्क परमिटचा, म्हणजे कामाच्या परवान्याचा, अर्ज मालक करतो. मलेशियन नसलेल्या दर परदेशी कामगारामागे तो ५,००० सिंगापूर डॉलरची हमी देतो, दरमहा लेव्ही भरतो, विमा काढतो. कॅनडात मालकाला बहुतेक कामांसाठी आधी जाहिराती देऊन स्थानिक माणूस मिळत नसल्याचे दाखवावे लागते. दर जागेमागचे १,००० डॉलर अर्जशुल्क कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. कागदावर हे सारे कडक दिसते. पण परवाना सहसा एकाच मालकाशी बांधलेला असतो, आणि सगळी मेख तिथेच आहे. कर्ज काढून दलालाचे पैसे भरलेला माणूस थकलेल्या पगाराची तक्रार कुठल्या बळावर करणार? तपासनीस यायच्या आधी त्याची परत पाठवणी होण्याचीच धास्ती जास्त.

मालक म्हणतील, एवढा खर्च करून आणलेला कामगार महिन्याभरात शेजारच्या साइटवर गेला तर आम्ही काय करायचे? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर हिशेबात आहे: उरलेल्या मुदतीचा खर्च नव्या मालकाने जुन्याला द्यावा. कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. अंमलबजावणीत खोट राहिली, तरी २०२२ च्या विश्वचषकाची मैदाने वेळेत उभी राहिलीच. दुसरा आक्षेप स्थानिकांच्या रोजगाराचा. पण सोडून जाऊ न शकणारा कामगार कमी पगार मुकाट्याने घेतो, आणि त्यामुळे स्थानिकाचाही भाव पडतो. म्हणजे बांधलेला परवाना ज्यांच्या रक्षणासाठी म्हणून सांगितला जातो, त्यांनाच तो नडतो.

भारताच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने दलालांची नोंदणी सक्तीची केली, पण परदेशातला परवाना कोणत्या अटींवर मिळतो हे आपल्या हाती नाही. करार करणे मात्र हाती आहे. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. यापुढच्या अशा प्रत्येक करारात, पगार थकला किंवा छळ झाला तर मालक बदलण्याचा हक्क राज्य सरकारने लिहून घ्यावा. तो मिळत नसेल तर सही करू नये.