60 रुपयांची डाळ गेली कुठं? स्वस्त पाकिटामागचं गणित

जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारनं ‘भारत’ नावानं हरभरा डाळ विकायला काढली. एक किलोचं पाकीट 60 रुपयांना, 30 किलोची गोणी घेतली तर 55 रुपये किलोनं. त्याच वर्षी नोव्हेंबरात भारत आटा आला 27 रुपये 50 पैशांना आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तांदूळ 29 रुपयांना. नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबर 2024 मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला तेव्हा डाळ 70, आटा 30 आणि तांदूळ 34 वर गेला. मालही कमी सोडला. पहिल्या टप्प्यात 15 लाख टनांच्या आसपास आटा विकला गेला होता, दुसऱ्यात सुरुवातीला पावणेचार लाख टनसुद्धा गहू दिला नव्हता. नाफेड आणि एनसीसीएफच्या गाड्या शहरात फिरल्या. खेड्यात ती पिशवी किती जणांनी हातात धरली, तुम्हीच सांगा.

हे असं का होतं, ते हरभऱ्यावरूनच बघू. 2023 ला हमीभाव होता 5335. एक क्विंटल हरभरा भरडला की डाळ निघते 70 ते 75 किलो, बाकी चुनी आणि टरफल. म्हणजे नुसत्या हरभऱ्याचेच किलोमागं 73-74 रुपये झाले. भरडाई, पाकीट, गाडीभाडं वेगळं. तरी विकली 60 ला. मधला खड्डा सरकारनं भरला.

आता तो हरभरा आला कुठून? आपल्याकडूनच. त्या वर्षी मोंढ्यात भाव हमीभावाच्या खाली होता, म्हणून लोकांनी नाफेडच्या केंद्रावर रांगा लावल्या. देशभरात 20 लाख टनांहून जास्त खरेदी झाली. गोदामं भरली, तेव्हा कुठं स्वस्त डाळ निघाली. पुढच्या वर्षी, 2024 ला, उलटं झालं. हमीभाव 5440 आणि बाजार त्याच्या वर. केंद्रावर कोण जातंय? नाफेडला माल जवळजवळ मिळालाच नाही. गोदाम रिकामं, मग डाळ 70 ला. सरळ सांगायचं तर शहरातली डाळ स्वस्त झाली ती आपला हरभरा पडल्यामुळं, आणि महाग झाली ती आपल्याला चार पैसे मिळाल्यामुळं. फक्त ते चार पैसे मिळाल्यावर सरकारनं काय केलं तेही आठवा. डिसेंबर 2023 पासून पिवळा वाटाणा बिनशुल्क येतच होता, मे 2024 मध्ये हरभऱ्याचंही आयात शुल्क काढलं.

सरकारचं राहू द्या, मार्टवाले काय वेगळं करतात? शहरातल्या मोठ्या दुकानात स्वतःच्या नावाची पाकिटं असतात. पीठ, डाळ, साखर, बिस्किटं. ती कुठल्यातरी मिलमध्येच भरलेली असतात, फक्त पिशवीवर नाव दुकानाचं. जाहिरातीचा खर्च नाही म्हणून स्वस्त. पण त्यातही सगळ्यात खालच्या भावाचा माल आणि मधल्या भावाचा माल असे प्रकार असतात. फळीवर जागा तेवढीच. समजा 40 च्या पाकिटात दुकानदाराला 2 रुपये सुटतात आणि 60 च्या पाकिटात 6. महागाई आली की तो कुठलं पाकीट फळीवरून काढेल? भाव वाढवला तर गिऱ्हाईक ओरडतं. पाकीटच ठेवलं नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही, माणूस मुकाट्यानं त्याच्या वरचं उचलतो.

इंग्लंडमध्ये हे एकाच्या लक्षात आलं. जॅक मन्रो नावाच्या, गरिबीतल्या स्वयंपाकावर लिहिणाऱ्या व्यक्तीनं जानेवारी 2022 मध्ये आपल्या जवळच्या दुकानातले भाव मांडले. सगळ्यात स्वस्त पास्ता (आपल्या शेवयांसारखा गव्हाचाच पदार्थ) अर्धा किलो 29 पेन्सला होता, आता स्वस्तातला 70 ला. तांदूळ 45 पेन्सला किलोभर मिळायचा, आता एका पौंडात अर्धाच किलो. बोभाटा एवढा झाला की ॲस्डा या मोठ्या साखळीनं काही आठवड्यांत आपला सगळ्यात स्वस्त माल सर्वच्या सर्व 581 दुकानांत ठेवू असं जाहीर केलं. पुढं तिथल्या सरकारी आकडेवारी खात्यानं स्वस्तातल्या 30 वस्तू वर्षभराच्या तपासल्या. सरासरी वाढ निघाली सहा-सात टक्के, बाकी किराण्याएवढीच. पण पास्ता एकटा 50 टक्के वाढला होता आणि बटाटा उलट उतरला होता. सरासरीत जे बसतं ते ताटात बसत नाही, आणि एका दुकानावरून सगळ्या देशाचंही ठरवता येत नाही. दोन्ही बाजू खऱ्या.

आपल्या गावात मार्ट नाही. आपलं स्वस्त पाकीट म्हणजे किराणा दुकानातली सुटी डाळ आणि पाच-दहा रुपयांचे पुडे. पुड्याचा भाव तोच राहतो, आतलं वजन उतरतं. लेकरू बिस्किटाचा पुडा आणतं, त्याच्या मागं बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो. बघायची सवय नाही आपल्याला. मीही परवापर्यंत बघत नव्हतो. सुट्या डाळीला जीएसटी नाही, पण जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळीवर ब्रँड नसला तरी 5 टक्के लागतात.

यंदाचं बघायचं तर हरभऱ्याचा 2026-27 हंगामाचा हमीभाव 5875 जाहीर झालेला आहे. एप्रिल 2025 पासून हरभऱ्यावर 10 टक्के आणि नोव्हेंबर 2025 पासून पिवळ्या वाटाण्यावर 30 टक्के आयात शुल्क आहे. मोंढ्यातला भाव हमीभावाच्या खाली राहिला तर केंद्राची नोंदणी लागेल, आणि त्याला सातबाऱ्यावर हरभऱ्याचा पेरा दिसावा लागतो. ई-पीक पाहणी ज्यांची राहिली त्यांनी तलाठ्याकडं आत्ताच विचारून ठेवावं, खरेदी सुरू झाल्यावर नाही. आणि सगळाच माल आडतीवर घालू नका. घरची माणसं मोजा, वर्षाच्या डाळीपुरता हरभरा खळ्यावरच बाजूला काढा. मार्चमध्ये 55 नं विकून दिवाळीला 90 नं डाळ आणणारे आपल्यातच खूप आहेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरीही तेच झालं होतं.