सल्ला आणि स्लाइड

सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे, तंजावर प्रांतातील मराठी घराण्यात झाला. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या तीन संस्थानांचे ते दिवाण. १८८१ साली त्यांनी तरुण सयाजीराव महाराजांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. त्यांतील सल्ला पूर्ण वाक्यांत आहे, सकारण आहे.

आजचे सल्लागार स्लाइड्स दाखवतात. ‘क्षमतावृद्धी’, ‘लोकसहभाग’ असे मुद्दे पडद्यावरून सरकतात. काम कोण करणार आणि पैसा कोठून येणार, हे मात्र कळत नाही. वाक्याला कर्ता लागतो, मुद्द्याला लागत नाही. २००३ साली कोलंबिया अवकाशयानाच्या दुर्घटनेत सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. संबंधित स्लाइड वाचूनही जिवाचा धोका वरिष्ठांच्या ध्यानात न येणे सहज शक्य होते, असे चौकशी मंडळाने नोंदवले.

नकाशे व आलेख यांसाठी पडदा अवश्य वापरावा. परंतु माझ्या मते सादरीकरणाआधी सल्लागाराकडून दोन पानी टिपणी मागवावी आणि तीच नस्तीत ठेवावी. दहा वर्षांनी नस्ती उघडणाऱ्या अधिकाऱ्याला रंगीत बाण नकोत, निर्णयाची कारणे हवी असतात.